सोयीचं ऐकू येतं

परवा फोन सारखा जागा संपल्याचं सांगायला लागला, म्हणून रात्री जेवणं आटोपल्यावर नको ते पुसत बसले. सुप्रभातची चित्रं, तीन-तीनदा आलेले लग्नाचे व्हिडिओ, विजेच्या बिलांचे फोटो. माईआत्याच्या एका जुन्या फोटोचा मोबाइलवर काढलेला फोटो होता, तेवढा राहू दिला. मग इंटरनेटवर आपण काय काय शोधलं त्याची यादी उघडली, आणि जानेवारीतले तीन दिवस समोर आले, ओळीनं, वेळेसकट. गुरुवार, सकाळी 7.20: कानाला दडे बसणे उपाय. 7.31: सर्दीमुळे कान बंद किती दिवस. 9.05: कानातला मळ घरच्या घरी काढणे. दुपारी 1.40: लसूण तेल कानात किती थेंब. शुक्रवारी पुन्हा तेच, थोडे शब्द बदलून. आणि शुक्रवारी रात्री 11.42: एका कानाने अचानक ऐकू न येणे. त्याच्या लगेच पुढची ओळ 11.43 ची: लसूण तेल कानात किती वेळ ठेवावे.

मधे एक मिनिट आहे.

त्या मिनिटात काय वाचलं ते मला चांगलं आठवतं. पांढऱ्या पानावर कानाचं गुलाबी चित्र होतं आणि खाली साध्या शब्दांत लिहिलं होतं, की एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर ती तातडीची बाब समजावी, मळ असेल किंवा सर्दी असेल असं धरून वाट पाहू नये, लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जावं. मला ते कळलं होतं. भाषा अवघड नव्हती, पानावर जाहिरातींची गर्दी नव्हती. त्याच पानाच्या बाजूला आणखी एका लेखाचं नाव दिसत होतं, त्यात 'गाठ' हा शब्द होता. मी पान बंद केलं आणि लसणाकडे परत गेले. इतके महिने मी सगळ्यांना सांगत होते, की इंटरनेटनं माझी दिशाभूल केली. यादी पाहिल्यावर तसं म्हणता येत नाही, आणि तेव्हापासून ते मिनिट डोक्यातून जात नाही.

त्या गुरुवारी ग्वाल्हेरला दाट धुकं होतं. समोरच्या घराचा गच्चीवरचा नळसुद्धा दिसत नव्हता. अंगात आधीच्या आठवड्यातली सर्दी थोडी उरलेली. चहा टाकला आणि मुलीचा फोन आला, तो सवयीनं डाव्या कानाला लावला. आवाज नाही. 'हॅलो, हॅलो' केलं, नेटवर्क गेलं म्हणून फोन ठेवणार, तोच हात बदलताना फोन उजव्या कानापाशी आला आणि तिचं वाक्य मधूनच सुरू झालं: "...तर आई, मी त्यांना सांगितलं." मी पुन्हा डावीकडे नेला. गप्प. उजवीकडे आणला. बोलणं चालूच. तीन-चार वेळा तसं केलं. आपल्याच डोक्याच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळी घरं असावीत आणि एका घरातली माणसं रातोरात उठून गेली असावीत, तसं काहीतरी वाटलं. शिवाय त्या रिकाम्या बाजूला एक बारीक सूं चालू होतं, समुद्राचं म्हणतात तसं नव्हे, बंद पडलेल्या टीव्हीसारखं.

नवऱ्याला म्हटलं, "डाव्या कानाला दडे बसलेत."

आता मागं वळून पाहताना वाटतं, निदान त्या वाक्यातच झालं होतं. आपल्याकडे कान बंद झाला की दडेच बसतात. दडा म्हणजे काहीतरी येऊन बसलेलं, अडकलेलं. एकदा दडा म्हटला की तो काढायचा कसा एवढाच प्रश्न उरतो. मग शेक, वाफ, तेल, नाक दाबून हवा कानाकडे ढकलणं. मी इंटरनेटला कधी विचारलंच नाही की मला काय झालंय. मला काय झालंय ते मी त्याला सांगितलं आणि त्यावरचा उपाय मागितला. त्यानं दिलाही. मळ असेल तर तो फुगतो कसा, पाण्यानं घट्ट कसा होतो, कापसाच्या काडीनं आणखी आत कसा जातो, हे सगळं जे वाचलं ते बरोबरच होतं. फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तरी कानाबद्दल होतं. आणि कान भरल्यासारखा वाटत होता हेही खरं होतं. आतली नस मंद झाली तरी कान तसाच भरल्यासारखा, जड वाटतो, बाहेर बूच असल्यासारखा, हे मला नंतर कळलं. शरीरच चुकीचा शब्द सुचवत होतं आणि मी तो उचलला.

लसणाचं तेल मी मन लावून केलं. तिळाच्या तेलात दोन पाकळ्या ठेचून, कडेनं तपकिरी होईस्तोवर मंद आचेवर, मग गाळून, मनगटावर थेंब टाकून कोमट आहे का पाहून. डाव्या कुशीची उजवी करून पडायचं, नवऱ्यानं थेंब सोडायचे. तेल आत उतरताना काहीच ऐकू आलं नाही, खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. एरवी कानात थेंब पडला की ढगासारखं गडगडतं. इथे नुसती ऊब. स्वयंपाकघरात दोन दिवस लसणाचा वास होता आणि उशीच्या अभ्र्यावर तेलाचे पिवळे डाग पडले, ते अजून पूर्ण गेलेले नाहीत. हे लिहिताना माझ्या आजीच्या उपायांना नावं ठेवावीत असं मनात नाही. तिच्या हातात जे होतं ते तिनं मायेनं केलं. पण पडद्याला भोक असेल तर असं तेल आत जाऊन नुकसान करू शकतं, आणि पडदा कसा आहे हे आम्ही दोघांपैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं.

मी शाळेत गणित शिकवते. गुरुवारी वर्गात एक प्रश्न विचारला, उत्तर आलं, मी उजवीकडच्या रांगेकडे पाहून 'शाबास' म्हटलं, आणि मुलं हसली. उत्तर डावीकडच्या मुलीनं दिलं होतं. आवाज कुठून आला हे ऐकण्यासाठी दोन कान लागतात, हे मला पुस्तकी माहीत होतं. एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानाला पोचायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशीर होतो, आणि मेंदू त्या उशिरावरून दिशा काढतो. तो हिशोब आयुष्यभर आपोआप होत आला आणि त्या दिवशी एक संख्याच गाळली गेली. सगळे आवाज उजवीकडून यायला लागले. सांडलेलं पातेलं उजवीकडे, दाराची कडी उजवीकडे, डावीकडे बसलेला नवरासुद्धा उजवीकडून बोलायचा. आणि जे मोठे आवाज डाव्या कानात शिरत, ते फाटून शिरत. कुकरची शिट्टी दुखायची. ऐकू येत नाही आणि तरी दुखतं, हे मला कुणाला समजावता येईना, म्हणून मी सांगणंच सोडलं.

शनिवारी सकाळी बाड्यावर, म्हणजे आमच्या मुख्य बाजारचौकात, भाजी आणि गजक घ्यायला गेले होते. टाउन हॉलकडून रस्ता ओलांडताना डावीकडून ई-रिक्षा आली. ती तशीही आवाज करत नाही, पण हॉर्न वाजवत होती म्हणे. तिचा आरसा माझ्या कोपराला लागला, पिशवीतले टोमॅटो रस्त्यावर गेले. चालवणारा मुलगा घाबरून ओरडला, "मैडम, सुनाई नहीं देता क्या?" मी म्हटलं, "नहीं." तो एकदम गप्प झाला, उतरला, टोमॅटो गोळा करून दिले. मी व्हिक्टोरिया मार्केटच्या भिंतीशी दोन मिनिटं उभी राहिले. 'नाही' हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं होतं. तोवर दडे होते.

त्याच दुपारी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी कानात काही पाहिलंच नाही, प्रश्न विचारले. हळूहळू झालं की एकदम? झोपेतून उठल्यावर? चक्कर येते का? सूं आवाज आहे का? चक्कर नव्हती, ते बरं म्हणाले. मग दिव्याचं नळकांडं लावून पाहिलं आणि माझं तेल आधी यंत्रानं ओढून काढावं लागलं. पडदा दिसला. "परदा एकदम साफ है, मैल तो है ही नहीं." मला क्षणभर हायसं वाटलं. मग ते म्हणाले, "मुँह बंद करके गुनगुनाइए. हम्म."

ग्वाल्हेरात, तेही आमच्या घरात वाढलेल्या माणसाला गुणगुण म्हटलं तर षड्जच लागतो. मी लावला. "किस तरफ़ सुनाई दे रहा है?" उजवीकडे. चांगल्या कानात. मला वाटलं बरोबर उत्तर दिलं, पण त्यांचा चेहरा तसा झाला नाही. त्यांनी चिमट्यासारखा स्वरकाटा गुडघ्यावर आपटून माझ्या कपाळाच्या मधोमध ठेवला. पुन्हा उजवीकडे. मग समजावून सांगितलं. बाहेरची वाट तुंबली असेल, मळानं किंवा पाण्यानं, तर कवटीच्या हाडातून जाणारा आवाज तुंबलेल्याच कानात मोठा घुमतो. कानात बोट घालून 'हं' केलं की कुणालाही ते कळतं. आवाज चांगल्या बाजूला गेला म्हणजे वाट मोकळी आहे, आतली बाजू मंद पडली आहे. "रास्ता खुला है, मशीन धीमी है." (हे वाचून कुणी घरी गुणगुणून निकाल लावू नये. गुणगुणण्यानं अंदाज येतो, खरी तपासणी त्यानंतर सुरू होते.)

ती तपासणी एका बारक्या, कोंदट, कापड लावलेल्या खोलीत झाली. कानांवर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे मुलगी कागदावर खुणा करत होती, उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. लाल गोल वरच्या बाजूला ओळीनं बसले. निळ्या फुल्या खाली खाली. सेकंदाला 250 कंपनांच्या स्वरावर 60 डेसिबल (डेसिबल जितके जास्त, तितकं ऐकणं कमी), 500 वर 65, 1000 वर 55, मग पुढे चढत जाऊन 8000 ला जवळजवळ उजव्याच्या बरोबरीला. म्हणजे गेलं होतं ते खालच्या स्वरांचं ऐकणं. माईआत्याचा तानपुरा काळी चारला लावलेला असायचा. त्या षड्जाची कंपनं सेकंदाला 208 च्या आसपास. त्याला सहा पंचमांशानं गुणलं की 249.6. तक्त्यातला पहिला रकाना म्हणजे आमच्या घरातला कोमल गंधार होता, आणि माझ्या डाव्या कानाला तो ऐकू येत नव्हता.

मला रडू आलं ते तेव्हा.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन कंपनसंख्यांवर किमान 30 डेसिबलनं ऐकणं उतरलं तर त्याला अचानक आलेला नसेचा बहिरेपणा म्हणतात. बहुसंख्य रुग्णांत कारण सापडत नाही. विषाणू, आतल्या बारीक रक्तवाहिनीतला अडथळा, शरीराची प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटणं, हे सगळे अंदाज आहेत. बऱ्याच जणांचं आपोआप परत येतं, काहींचं अर्धं येतं, काहींचं येतच नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. त्यांचा किती उपयोग होतो याचा पुरावाही भक्कम नाही, हे त्यांनी लपवलं नाही, पण जो काही व्हायचा तो पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितकं लवकर तितका बरा. आधी साखर तपासली. गोळ्यांनी फरक पडला नाही तर पडद्यातून आत इंजेक्शन. आणि एमआरआय, कारण क्वचित कानाच्या नसेवर गाठ असते, बहुतेक वेळा साधी, पण ती नाही ना हे पाहून घ्यायचं. ज्या शब्दाला घाबरून मी 11.43 ला परत फिरले होते, तो शब्द त्यांनी उच्चारला तेव्हा त्याला कडा होत्या, आकार होता, पुढची तारीख होती. रात्रीच्या पडद्यावर तो नुसताच काळा होता. एमआरआयमध्ये काही निघालं नाही.

मी विचारलं, दोन दिवस आधी आले असते तर? ते लिहिता लिहिता म्हणाले, "कल आतीं तो अच्छा, परसों आतीं तो और अच्छा. आज आई हैं, आज से शुरू करते हैं." यापेक्षा माणुसकीचं उत्तर मला त्या वर्षात कुणी दिलं नाही.

गोळ्यांनी झोप उडाली आणि भूक लागायची. रात्री दोनला उठून मी भाकरी-गूळ खात असे. अंधारात बसून कानोसा घ्यायची जुनी सवय होती, लहानपणापासूनची. थंडीच्या रात्री छोट्या रेल्वेची शिट्टी यायची, ग्वाल्हेरहून श्योपुरला जाणारी ती दोन फुटी रुळांची गाडी. 2020 साली ती थांबली ती थांबलीच. मोठी माणसं गाडीवरून वेळ सांगायची. आता कानोसा घेतला की अर्ध्या रात्रीला भिंत होती. त्या दिवसांत मला माईआत्या फार आठवली.

माईआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि जनकगंजच्या आमच्या घरी परत आली. माजघरात मुलींना गाणं शिकवायची. ग्वाल्हेरचे मोठे गवई कृष्णराव शंकर पंडित यांना समोर बसून ऐकलेली, त्यांच्याबद्दल बोलताना कानाच्या पाळीला हात लावायची. आमच्या गावाला गाण्याचं कौतुक आहेच. 2023 साली युनेस्कोनं संगीताचं शहर म्हटलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथं पोरासोरांना हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी नेतात आणि चिंचेचं पान चावायला देतात, गळा गोड व्हावा म्हणून. गळ्यासाठी पानं खाणारे पुष्कळ पाहिले. कानासाठी कुणी काही मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. 'तानसेन नाही तर कानसेन तरी व्हावं' असं आत्या म्हणायची, आणि ते ती मनापासून म्हणायची.

तिला कमी ऐकू यायचं. म्हणजे यायचं आणि यायचं नाही. दुपारच्या शांत माजघरात काकू काही बोलली तर "काय?" असं तीनदा विचारायची. पण गिरणीत दळण घेऊन गेली की पट्टा घरघरत असताना तिथल्या बायकांशी छान गप्पा मारायची, कुणी हळूच केलेली कुचकट टिप्पणीही तिला बरोबर ऐकू यायची. बसमध्ये तसंच. त्यावरून घरात वाक्य पडलं होतं: बाईंना सोयीचं ऐकू येतं. काकू म्हणायची, मग आम्ही मुलंही म्हणायला लागलो. तिच्या पाठीशी उभं राहून आम्ही हळू आवाजात काहीतरी बोलायचो आणि वळते का ते पाहायचो. ती स्वतः इतकं हळू बोलायची की पाहुण्यांना पुढं वाकावं लागे, आणि तेही आम्हाला ढोंग वाटायचं. बहिरी माणसं तर मोठ्यानं बोलतात.

आणि तानपुरा. तार जुळवताना ती कानशील दांडीला लावायची. खुंटी पिळून झाली, भोपळ्याकडचे मणी सरकवून झाले, जवारीचा धागा बोटानं चिमटीत धरून केसभर पुढं मागं झाला, की डोळे मिटून कानशील दांडीवर ठेवून बराच वेळ तशीच बसायची. आम्हाला ते फार सुंदर वाटायचं. गाण्यात बुडालेली बाई. पुढे तिच्या शिष्या कमी झाल्या. कुणाच्या तरी आईनं घरी येऊन सांगितलं, मुलगी बेसूर गाते ते आता बाईंच्या लक्षात येत नाही. आत्या गप्प बसली. त्यानंतर तानपुऱ्याला गवसणी घातली ती तिनं पुन्हा काढली नाही. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि मला तिची दया आली नाही, लाज वाटली. हे लिहायला नको वाटतं, पण ते खरं आहे.

सहाव्या रात्री मी उजवा कान उशीत दाबून पडले होते. मुद्दामच, भिंत आहे का पाहायला. आधीच्या रात्री तसं केलं की जग बंद व्हायचं. त्या रात्री लांबून घरघर आली. उठून बसले, पुन्हा पडले. आली. अंधारात स्वयंपाकघरात गेले, उजवा कान बोटानं बंद करून फ्रिजला टेकले आणि उभी राहिले. ते जुनं मशीन इतकं खालच्या स्वरात गातं हे मला माहीत नव्हतं. नवरा दिवा लावून आला, त्याला वाटलं चक्कर आली. मी म्हटलं, "येतंय." तो काही बोलला नाही, माझ्या शेजारी तोही फ्रिजला कान लावून उभा राहिला.

परत आलं ते मात्र जसं गेलं तसं आलं नाही. पंधराव्या दिवशी मी आत्याच्या तानपुऱ्याची गवसणी काढली. तारा गंजलेल्या, दोन बदलल्या. षड्ज लावला, आणि लागेचना. उजव्या कानाला जुळलेला षड्ज डाव्या कानाला थोडा चढा लागत होता, अर्ध्या स्वराच्याही आतला फरक, पण दोन षड्ज. एकाच तारेचे. आजारी कानाला स्वर सरकलेला ऐकू येतो हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी ऐकताना पोटात खड्डा पडला. आपल्या आत शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी आहे, उलगडली तर साधारण 35 मिलिमीटर भरेल. तिच्या दाराशी तीव्र स्वर, पार टोकाला खर्ज, आणि सगळीकडे मिळून आवाज टिपणाऱ्या पंधरा-सोळा हजार केसपेशी. पाखरांच्या गेल्या तर नव्या उगवतात, माणसाच्या उगवत नाहीत. एवढ्याशा जागेत कुठेतरी माझ्या खुंट्या सैल झाल्या होत्या. रोज संध्याकाळी मी पाच मिनिटं तारा छेडून बसायची. फरक कमी होत गेला. कुठल्या दिवशी संपला ते सांगता येणार नाही. मार्चमधल्या तपासणीत निळ्या फुल्या वीस-पंचवीसच्या आत होत्या. लग्नाच्या गर्दीत डावीकडचं बोलणं अजून थोडं निसटतं, इतकंच.

आता तो फोटो. यादी वाचून झाल्यावर फोन ठेवणार होते, पण त्याआधी शोधाच्या चौकटीत लिहिलं: हळू बोलणे, शांततेत कमी आणि गोंगाटात चांगले ऐकू येणे, हाडातून आवाज. उत्तर लगेच आलं. कानातलं सर्वांत चिमुकलं, रिकिबीच्या आकाराचं हाड घट्ट होऊन बसतं असा एक आजार आहे, बायकांत जास्त, तरुणपणी सुरू होणारा. आवाज बाहेरून नीट पोचत नाही, हाडातून पोचतो. स्वतःचा आवाज आत मोठा वाटतो म्हणून ही माणसं हळू बोलतात. गोंगाट त्यांना कमी जाणवतो, आणि गोंगाटात समोरचा आपोआप आवाज चढवतो, म्हणून तिथे त्यांना बरं ऐकू येतं. सतराव्या शतकात टॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरनं एका बाईची हकीकत लिहून ठेवली आहे. ढोल वाजत असेल तरच तिला बोलणं ऐकू यायचं, म्हणून नवऱ्यानं ढोल वाजवायला नोकर ठेवला होता. आणि या आजारावर शस्त्रक्रिया आहे. 1956 सालापासून ते बसलेलं हाड काढून तिथे बारीक कृत्रिम दांडा बसवतात. आत्या 1996 साली गेली.

सगळं जुळत होतं. गिरणी, बस, हळू आवाज, दांडी. लसणाचं तेलही असंच जुळलं होतं. तिच्या कानात कुणी दिवा लावून पाहिलं नाही, तिच्या कपाळावर कुणी स्वरकाटा ठेवला नाही, आणि आता ते कुणालाच करता येणार नाही. म्हणून त्या आजाराचं नाव मी इथे लिहीत नाही आणि घरीही कुणाला सांगितलेलं नाही. काकू अजून आहे, ब्याऐंशीची. तिला सांगून काय करू?

बाकीची यादी पुसली. मग फोटो मोठा करून पाहिला. माजघर, सात मुली, मधे माईआत्या, डोळे मिटलेले. घरात या फोटोला 'माई तल्लीन' म्हणत. इतकी वर्षं मला तिचं कानशील दांडीवर अलगद टेकलेलं दिसायचं. दोन बोटांनी आणखी मोठा केला. ते दाबलेलं आहे. दांडीच्या कडेला गालाची कातडी चुरगळली आहे आणि मानेची शीर ताठ दिसते.